ऐकत नाही

४ जानेवारी

आज तालमीत ती समेवर आली नाही.

एवढं एकच वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. दुसरी कोणी चुकली असती तर वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण चुकली ती माझी बायको. आमच्या नाटक कंपनीत नव्या मुली आल्या की नाचाच्या बाई त्यांना सांगतात, "हिच्या टाचेकडे बघा आणि आपापली घड्याळं लावून घ्या." डोक्यावर पिसांचा मुकुट, पायांत उंच टाचा, पायाखाली न बघता हसत हसत उंच जिना उतरायचा, हे तिचं काम. ती उतरते त्या गाण्याला चाल लावायची, हे माझं. आज मी पेटीवर मुखडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो आणि ती जिन्यावर उभीच.

मालक खालून ओरडले, "बाईसाहेब, वर झोप लागली का? उशी पाठवू?"

सगळे हसले. तीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

घरी आल्यावर ती ओट्यापाशी कांदा चिरत होती. मी मागे उभा राहून विचारलं, "आज काय झालं होतं?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. कांदा चिरणं चालूच. बऱ्याच वेळाने कशाला तरी वळली आणि दचकली. "अहो मास्तर, कधी आलात? मांजरासारखे येता अगदी!"

मी तिथे किती वेळ उभा होतो ते मला माहीत. कानाडोळा करायलाही काही मर्यादा असते. हल्ली ती माझं ऐकत नाही, हे खरं.

९ जानेवारी

नव्या खेळासाठी मालकांनी नवा जिना करून घेतला आहे. गाणं मध्यावर आलं की तो दुभंगतो, दोन्ही अर्धे बाजूला सरकतात आणि मधून बाकीच्या मुली बाहेर येतात. बासरीची तान संपली की पडद्यामागची माणसं दोर ओढतात. तोवर ती उतरून खाली आलेली असते.

जेवताना मी हे सासूबाईंना सांगत होतो. त्या आमच्याकडेच असतात आणि त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी जरा आवाज चढवून म्हणालो, "मालकांनी नवा जिना केलाय."

"चुना लावला?" सासूबाईंनी घास खाली ठेवला. "मी म्हणतच होते जावईबापू, माणूस तसलाच दिसतो."

मी हसून माझा नेहमीचा विनोद केला. संगीतकाराच्या घरात बहिऱ्याने राहणं म्हणजे टकल्याने न्हाव्याकडे मुक्काम करणं. पाहुणे आले की हा विनोद मी करतोच. सासूबाईही तो मनाला लावून घेत नाहीत. त्यांच्यापर्यंत तो पोचतच नसावा. पण आज कसा कोण जाणे पोचला. म्हणाल्या, "हसा, हसा. आमच्या आईचे कान चाळिशीत गेले, मावशीचेही. हा आमच्या घराण्याचा दागिना. मुलींनाच मिळतो."

बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मग अर्धं ताट तसंच टाकून उठली. आईची चेष्टा केलेली लेकीला आवडत नसेल. उद्यापासून करायची नाही असं ठरवलं आहे.

१५ जानेवारी

जिन्याच्या गाण्याची चाल जमली. माझी रीत अशी की नवी चाल आधी तिला ऐकवायची. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. म्हणायची, पाठीतून सूर जास्त चांगले येतात. हल्ली समोर बसते, पेटीच्या कडेवर तळहात ठेवून. मी वाजवत असताना डोळ्यांची पापणी लवत नाही.

आज चाल संपल्यावर म्हणाली, "मुखडा ठेवा. दुसरी ओळ खोटी आहे."

खोटी म्हणजे काय, ते मी विचारत नाही. तिने 'ठेवा' म्हटलेली चाल सहसा पडत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तर तिचा शब्द आणि लोकांच्या टाळ्या यांत कधी फरक पडला नाही. गावच्या शाळेतले आमचे गुरुजी म्हणायचे, गाणाऱ्याला देव गळा देतो आणि ज्याच्यावर जास्त माया करतो त्याला एक चांगला श्रोता देतो. दुसरी ओळ काढून टाकली. देवाचे आभार मानून झोपतो.

२२ जानेवारी

नाटकघराजवळच्या चौकात तिचा फोटो लागला आहे. तीन मजले उंच. हेडफोनची जाहिरात. कानांवर ते यंत्र, डोळे किलकिले, मान किंचित कललेली, ओठ अर्धवट उघडे. खाली लिहिलं आहे, 'ऐकतच राहाल.'

फोटोग्राफरने मला सांगितलं होतं की जगात इतका ऐकणारा चेहरा त्याने पाहिला नाही. दुसऱ्या मुलींना गाणं लावून द्यावं लागतं. हिला म्हणे काहीच लावावं लागलं नाही. 'ऐक' म्हटलं आणि हिने हा चेहरा केला.

मी चौकात उभा राहून वर बघत राहिलो. हा चेहरा मी आधी कुठेतरी पाहिला आहे असं वाटत होतं. कुठे ते आठवेना. चहावाला म्हणाला, "मास्तर, आपल्याच बायकोचा फोटो असा फुकट बघायला भाग्य लागतं."

२९ जानेवारी

लिहू नये असं वाटतं. तरीही लिहितो.

दुपारी तालीम सुटली होती. विसरलेला चष्मा घ्यायला मी रंगमंचावर परत गेलो. जिन्याच्या पायथ्याशी आमचा ढोलवाला बसतो. कोणाशी फारसं बोलत नाही म्हणून सगळे त्याला मौनी म्हणतात. तो जागेवर होता आणि माझी बायको त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती. अनवाणी. तिचा तळहात ढोलाच्या कातड्यावर आणि तिच्या हातावर त्याचा हात. तिचे डोळे मिटलेले. तो एका हाताने हळूहळू ठेका देत होता आणि ती मान हलवत होती. मग तिने डोळे उघडले. त्याने दोन बोटं हवेत उचलून खाली सोडली. ती हसली आणि तिनेही तशीच बोटं सोडली.

पायाखालची फळी कोणी काढून घ्यावी तसं झालं. मी चष्मा न घेताच बाहेर पडलो.

दारात शिवणकामाच्या मावशी पिसं चिकटवत बसल्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "पाहिलंत वाटतं. मास्तर, तुम्ही पेटीत डोकं घालून बसता, पण बाकीच्यांनी डोळे काही पेटीत ठेवलेले नाहीत. जिन्यावरून उतरताना ती प्रेक्षकांकडे बघते असं वाटतं ना तुम्हाला? एकदा खाली बसून बघा, कोणाकडे बघते ते."

संध्याकाळच्या तालमीला खाली बसून बघितलं. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत ती मौनीच्या हाताकडे बघत होती.

३१ जानेवारी

मी तिला विचारलं.

घरी चालत येत होतो. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट. तिच्याकडे बघून विचारायची हिंमत नव्हती, म्हणून आपल्याच बुटांकडे बघत म्हणालो, "एक विचारतो, खरं सांग. तुला मौनी आवडतो का?"

तिने माझा दंड धरला. गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "हो, फार. रोज असावं असं वाटतं."

इतकं सहज! ना लाज, ना संकोच. वर माझाच दंड धरून! पुढचा रस्ता मी कसा चाललो ते मला आठवत नाही. घरी पोचल्यावर तिने पाणी दिलं, ते प्यायलो. माणूस कसाही असला तरी पाणी पितोच.

एकच गोष्ट डोक्यात अडकली आहे. 'असावं' का म्हणाली? मौनी पुरुष. 'असावा' म्हणायला हवं होतं. गुरुजींनी लिंगं चुकल्यावर छड्या मारल्या त्या अजून हाताला आठवतात, म्हणून कानाला खटकलं असेल. ज्याचं घर मोडतंय त्याने व्याकरण कसलं तपासायचं?

प्रार्थनेला बसलो. शब्द आठवले नाहीत. नुसता बसून उठलो.

१२ फेब्रुवारी

खेळ आज संध्याकाळी सुरू होतो. सकाळी मी एक निर्णय घेतला. जिन्याच्या गाण्यातून ढोल काढला. नुसती बासरी आणि खाली माझी पेटी. चाल नाजूक आहे, ढोलाने तिच्यावर दडपण येतं. मालकांना हे पटलं. म्हणाले, "सुराचं तुम्ही बघा, मी तिकिटांचं बघतो." बासरीवाला खूश झाला. सगळ्यांना जे कारण सांगितलं तेच इथेही लिहिलं आहे. बघू या, आज ती कोणाकडे बघत उतरते.

मौनीला म्हणालो, "आज तुझं काम नाही. घरी जा."

त्याने ढोल भिंतीशी लावला. मग विचारलं, "तिला सांगितलंत?"

"हो."

"समोर उभं राहून?"

हा कोण मला विचारणार? म्हणालो, "मी माझ्या बायकोशी कसं बोलायचं ते मी बघेन." तो गेला. मी तिला सांगितलेलं नाही. तिच्यासारखीला सांगायची गरजही नाही. बासरी सुरू झाली की कोणतीही नाचणारी ओळखेल.

१३ फेब्रुवारी

देवा.

ती जिन्यावर आली. दिवे लागले. बासरी सुरू झाली. तिने खाली पायथ्याशी बघितलं. तिथे रिकामी बैठक होती. चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही, पण डोळे इकडून तिकडे फिरत होते, गर्दीत हात सुटलेल्या मुलीसारखे. मग ते माझ्यावर आले.

मी मान खाली घालून पेटीकडे बघत वाजवत राहिलो.

मुखडा झाला. पुन्हा मुखडा. ती उभीच. प्रेक्षकांत कुजबुज. मग कसल्या तरी अंदाजाने तिने पाऊल टाकलं आणि उतरू लागली, तेव्हा तान संपत आली होती. मी हात उचलून 'थांबा' म्हणून ओरडलो. पडद्यामागच्या माणसांना ते कळलं नाही. त्यांनी बासरी ऐकली आणि दोर ओढले. जिना दुभंगला. ती मध्यावर होती.

पिसं खाली यायला वेळ लागला. ती आधी आली.

घोटा मोडला आहे, मनगटही. डोक्याला मुकुटाने वाचवलं. ती शुद्धीवर आहे. माझ्याशी बोललेली नाही.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन कसं झालं ते विचारलं. मी जे डोक्यात होतं ते सांगितलं, "बासरी वाजत होती, तरी ती उतरली नाही. गेले काही महिने असंच चाललंय. ती कोणाचं ऐकतच नाही."

"ऐकत नाही," त्या म्हणाल्या, "की ऐकू येत नाही?"

मला प्रश्न कळला नाही. खरोखर कळला नाही. त्या मला खोलीत घेऊन गेल्या. हातातला कागद तोंडापुढे धरून बायकोला म्हणाल्या, "तुमचं नाव काय?" बायको बघत राहिली. कागद खाली करून तेच विचारलं. तिने लगेच नाव सांगितलं. मग कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

बऱ्याच वर्षांपासून हळूहळू जात असणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जाड आवाज थोडे कळतात. बासरीसारखे बारीक सूर सगळ्यांत आधी जातात.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. कांदा चिरणारी ती पाठ आठवली. सगळ्यांच्या मागून येणारं हसू आठवलं. चौकातला तो चेहरा मी कुठे पाहिला होता तेही आठवलं. आमच्याच घरी, जेवताना, मी तोंडात घास असताना काही बोललो की ती तसा चेहरा करते. तो ऐकणाऱ्याचा चेहरा नाही, ऐकू यावं म्हणून धडपडणाऱ्याचा आहे. तीन मजले उंच करून टांगला, तरी मला वाचता आला नाही.

देवाला मी रोज हाक मारतो. तो उत्तर देत नाही, म्हणून तो माझं ऐकत नाही असं मी कधी म्हटलं नाही. देवाला जेवढा संशयाचा फायदा दिला, तेवढा बायकोला दिला असता तर?

१६ फेब्रुवारी

मौनी दवाखान्यात आला. माझ्या शेजारी बाकावर बसला. बराच वेळ काही बोलला नाही आणि मग एकदम इतकं बोलला की आजवरची सगळी शिल्लक त्याने खर्च केली असावी.

"माझे स्वतःचे कान अर्धे गेलेत, मास्तर. आयुष्यभर ढोल बडवतोय. म्हणून माझ्या लक्षात आलं. ती पायातले बूट काढून फळीवर उभी राहायची. मी विचारलं, तर रडली. मग आम्ही हातावर ठेका धरायला लागलो. दोन बोटं म्हणजे उतर, मूठ म्हणजे थांब. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"मला का नको?"

त्याने खांदे उडवले. "ते तिला विचारा. पण तुम्ही मला हो म्हणालात. तिला सांगितलंय असं म्हणालात."

मी त्याचे हात धरायला गेलो. त्याने हात काढून घेतले नाहीत, पण माझे धरलेही नाहीत.

मनात राहिलं होतं म्हणून आत गेल्यावर तिच्या समोर बसलो, चेहरा उजेडात धरला आणि विचारलं, "त्या दिवशी रस्त्यात मी तुला काहीतरी विचारलं होतं. 'रोज असावं असं वाटतं' म्हणालीस. मी काय विचारलं असं वाटलं तुला?"

ती आठवत राहिली. "असं संध्याकाळी चालणं आवडतं का, असंच विचारलंत ना? हात हातात घेऊन?" मग माझा चेहरा बघून, "का? काय विचारलं होतं?"

चालणं. म्हणून 'असावं'. व्याकरण बरोबर होतं.

मी तिला खरं सांगितलं. प्रश्न सांगितला, ढोल का काढला ते सांगितलं, मौनीला खोटं बोललो ते सांगितलं. हळू आणि स्पष्ट सांगावं लागलं, तिला ओठ वाचता यावेत म्हणून. स्वतःची लाज इतकी सावकाश कधी उच्चारली नव्हती.

ती म्हणाली, "बहिरी मी आणि हलक्या कानाचे तुम्ही. चांगलं जोडपं आहे." आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

२० फेब्रुवारी

घरी आणलं. सासूबाई मायेने ओरडून ओरडून तिच्याशी बोलतात आणि ती ओरडून उत्तर देते. दोघींचं झकास चाललं आहे. माझ्याशी अजून कामापुरतंच.

आज मीच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"टकल्याने न्हाव्याकडे मुक्काम करावा, हे दर पाहुण्याला कोण सांगतं?" ती म्हणाली. "प्रत्येक वेळी तुमच्या तोंडाकडे बघून तो विनोद मी वाचलाय. पाठ झालाय. तुम्ही संगीतकार. मी तुमची पहिली श्रोती म्हणून मिरवता. श्रोतीच बहिरी निघाली तर तुम्ही मला कुठे ठेवणार?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

"पण माझ्या चाली? 'मुखडा ठेवा, दुसरी ओळ खोटी.' हे कसं?"

"दोन-तीन वर्षांत तुमची एकही चाल मी धड ऐकलेली नाही," ती म्हणाली.

मी पेटीचं झाकण धरून खाली बसलो. ज्या चालींवर लोकांनी मला डोक्यावर घेतलं, त्या एका ऐकू न येणाऱ्या बाईने निवडल्या! इतकी वर्षं मी कोणाला गाऊन दाखवत होतो?

"मग काय करत होतीस? पोथीचं पान उघडून शकुन बघत होतीस?"

"तुमच्याकडे बघत होते. खरी चाल लागली की तुमचा डावा खांदा सैल सुटतो. नुसती कारागिरी असली की तो कानाशी चढतो. हात पेटीवर ठेवला की बाकीचं लाकूड सांगतं. आधी मीही ऐकूनच ठरवायचे. पण तेव्हा चुका जास्त व्हायच्या."

२३ फेब्रुवारी

मालक फळं घेऊन आले. बसले, उठले, पुन्हा बसले आणि शेवटी बोलले. जिन्यावरचं काम दुसऱ्या मुलीला द्यायचं ठरलं आहे. "बाईसाहेब, वयाला मान द्यावा लागतो. फोटोंची कामं आहेतच की." मला दारापर्यंत नेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "लोक म्हणतात त्या दिवशी घेऊन वर चढल्या होत्या. खरं असेल तर सांगा, मी दाबून टाकतो."

ती थेंब घेत नाही. ओठांवर आलं होतं की तिला ऐकू येत नाही. पण खोलीतून ती माझ्या ओठांकडेच बघत होती. मी तोंड मिटलं.

ते गेल्यावर ती म्हणाली, "कान माझे आहेत. कोणाला सांगायचे ते मी ठरवीन. कळलं तर पायरीवरही उभी करणार नाहीत."

"आणि सांगितलं नाही तर पिऊन पडली म्हणतील."

"म्हणू देत."

तिचा चेहरा बघून कळलं की 'म्हणू देत' ही ओळ खोटी आहे.

२४ फेब्रुवारी

सकाळी प्रार्थनेनंतर बराच वेळ हात जोडलेले ठेवले. तिच्या कानांबद्दल बोलायचं नाही आणि तिच्यावरचा डाग पुसायचा. दोन्ही साधायला एकच वाट होती आणि ती माझ्यावरून जात होती.

तालमीला सगळी कंपनी जमली होती. मी पेटीवर बसलो नाही. जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी ती प्यायली नव्हती. वयही झालेलं नाही. ती ढोलावर उतरायची तालीम करत होती. मी ऐन वेळी ढोल काढला आणि तिला सांगितलं नाही. मौनीला सांगितलंय म्हणून खोटं बोललो."

मालक म्हणाले, "का पण?"

"मला मौनीचा संशय आला होता."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि पूर आला. मुली एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. बासरीवाल्याला ठसका लागला. मालकांनी डोळे पुसत विचारलं, "मास्तर, या वयात? आणि मौनीचा? अहो, तो त्याच्या बायकोशीसुद्धा बोलत नाही!"

शिवणकामाच्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. सुईत दोरा ओवत होत्या. तो ओवला जात नव्हता.

मी उभा राहिलो. पन्नाशीला आलेला माणूस, माझ्या चालींवर नाचणाऱ्या माणसांपुढे. एकेकाचं हसू मला स्पष्ट ऐकू आलं. माझे कान उत्तम आहेत.

हसणं ओसरल्यावर मौनी उठला. ढोल उचलून जिन्याच्या पायथ्याशी, आपल्या जुन्या जागी नेऊन ठेवला आणि बसला. मालकांकडे बघून म्हणाला, "तिचा पाय बरा होईपर्यंत जिना मिटलेला असू द्या. गाणं तिचं आहे."

मालकांनी मान हलवली. माझ्याकडे बघून पुन्हा हसू आलं त्यांना, पण मान हलवली.

३ मार्च

काल मौनी घरी येऊन गेला. मी बाहेर होतो. सासूबाईंनी सांगितलं की तो बराच वेळ बोटांनी आणि हातांनी काहीतरी (तालमीतली माझी कबुलीच असणार) दाखवत होता आणि लेक हसून हसून रडत होती.

आज कानाचं यंत्र आलं. बोराएवढं आहे. "मुकुटाखाली कोणाला दिसतंय?" असं म्हणत तिने ते कानात घातलं. आता ती माझी चाल खरोखर ऐकणार होती. जिन्याचं गाणं वाजवलं. दुसऱ्या ओळीच्या जागी नवी ओळ बसवली आहे, तीही वाजवली.

तिने तोंड वाकडं केलं. "पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं येतंय सगळं. हे असं असतं तुमचं गाणं?"

"सवय होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत."

"होईल तेव्हा होईल." तिने यंत्र काढून पेटीवर ठेवलं. प्लास्टर लावलेला पाय लांब केला, सरकत सरकत माझ्या मागे आली आणि पूर्वीसारखी पाठीला पाठ लावून बसली. मला तिचा चेहरा दिसेना, तिला माझे ओठ दिसेनात.

मी वाजवलं. शेवटपर्यंत. मग विसरून नेहमीसारखं विचारलं, "कशी वाटली?"

उत्तर आलं नाही. मी वळलो नाही. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "मुखडा ठेवा. नवी ओळही ठेवा."

आणि मग, माझ्या पाठीला पाठ लावूनच, "खांदा खाली करा आता. किती घाबरता!"